चंद्र का झिजतो? : एक आदिवासी कथा आणि तिचा बोध

(आंबोली येथे भरलेल्या मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या संमेलनात दरवर्षी एखादे तरी व्याख्यान असे असावे की, जे आजीने ऐकावे आणि नातवानेही ऐकावे, अशी चिटणिसांची इच्छा होती. त्या इच्छेस मान देऊन मी आज चंद्राचा विषय निवडला आहे. चंद्र हा कोणत्याही एका वयाचा अथवा एका जातीचा नाही. तान्ह्या मुलाला तो मामा म्हणून दाखविला जातो, संकष्टीचा उपास करणाऱ्या गृहिणीला तो ताटावर बसण्याची अनुज्ञा देतो, आणि मालवण-वेंगुर्ल्याच्या दर्यावर होडी लोटणाऱ्या आपल्या कोळी बांधवांना तो समुद्राची वेळ सांगतो. अशा या सर्वांच्या सोयऱ्याविषयी मनुष्याने प्राचीन काळापासून एकच प्रश्न विचारला आहे : हा झिजतो का, आणि झिजून पुन्हा भरतो कसा?

या प्रश्नाला मानवाने दिलेल्या उत्तरांपैकी एक उत्तर आज मी आपणांपुढे ठेवणार आहे. ते आपल्या पुराणांतले नाही. ते सध्याच्या झारखंड राज्यातील सिंहभूमच्या अरण्यात राहणाऱ्या ‘हो’ नावाच्या आदिवासी लोकांचे आहे. एडवर्ड टायलर या इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने १८७१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ‘प्रिमिटिव्ह कल्चर’ या ग्रंथात या कथेची नोंद घेतली आणि तेव्हापासून ती विद्वानांच्या जगाला ठाऊक झाली. हो लोकांना मात्र ती त्याच्या फार पूर्वीपासून ठाऊक होती, हे सांगावयास नकोच.

कथा अशी आहे.

सृष्टीच्या आरंभी सूर्यालाही मुले होती आणि चंद्रालाही होती. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी की, या कथेत चंद्र हा पुरुष नसून स्त्री आहे, सूर्याची पत्नी आहे. आकाशातले तारे ही या दोघांची लेकरे. सूर्याची मुले बापासारखी तापट व प्रखर. चंद्राच्या मुली आईसारख्या शीतल. इतक्या ज्योती एकाच वेळी तळपू लागल्या तेव्हा पृथ्वीवरील मनुष्यांना तो ताप सोसवेना. तेव्हा दोघांनी मिळून असे ठरविले की, जग वाचवायचे तर आपापली मुले आपणच गिळून टाकावीत. सूर्याने शब्द पाळला. त्याने आपली सर्व मुले गिळली. चंद्राला मात्र ते करवेना. तिने आपल्या मुली लपवून ठेवल्या आणि आपणही गिळल्या, असे भासविले. सूर्याची खात्री पटली. पुढे रात्र झाली, आणि तिने आपल्या मुलींना हळूच बाहेर आणले. सूर्याला ही फसवणूक कळताच त्याच्या क्रोधाला पारावार उरला नाही. त्याने चंद्राला चिरून तिचे दोन तुकडे केले. परंतु ती मेली नाही. ती चिरली जाते, पुन्हा भरून येते, पुन्हा चिरली जाते, पुन्हा भरून येते. आणि तिच्या मुली, म्हणजे हे तारे, आजही तिच्याच सोबतीला राहतात. दिवसा आकाशात सूर्य एकटा असतो, त्याचे कारणही हेच.

कथा एवढीच आहे. आता तिचा विचार करू.

प्रथम एक गोष्ट पाहा. अशा कथांना ‘रानटी लोकांच्या भाकडकथा’ म्हणून बाजूला सारण्याची आपल्या सुशिक्षित वर्गाला सवय आहे. परंतु ज्या कोणी ही कथा प्रथम रचिली, त्याने वा तिने आकाशाकडे किती बारकाईने पाहिले असेल, याचा विचार करावा. चंद्र हा आकाशात सूर्याच्या जितका जवळ, तितकी त्याची कोर बारीक. आणि सूर्यापासून जितका दूर, तितका तो भरलेला. अमावास्येला तो सूर्याच्या सन्निध असतो आणि दिसतच नाही. पौर्णिमेला सूर्य पश्चिमेस बुडत असताना तो पूर्वेस उगवतो, म्हणजे दोघांत जास्तीत जास्त अंतर असते, आणि तेव्हाच तो पूर्ण असतो. नवऱ्याच्या जवळ गेली की चिरली जाते, दूर गेली की भरून येते, हा कथेतला संसार आकाशातल्या या नित्य अनुभवाशी अगदी बेमालूम जुळतो. शिवाय कोरीची उजळ बाजू नेहमी सूर्याकडेच असते, हेही आपण कोणत्याही सायंकाळी पाहू शकता.

शास्त्राने या गोष्टीचे कारण सांगितले आहे आणि ते मुलांना नीट समजावून द्यावे, कारण पुष्कळ शिकलेल्या माणसांच्या मनातही या बाबतीत घोटाळा असतो. पृथ्वीची सावली पडल्यामुळे चंद्र झिजतो, असे अनेकांस वाटते. ते खरे नाही. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती केवळ चंद्रग्रहणात. एरवी चंद्राचा अर्धा गोल सूर्यामुळे सदैव उजळलेलाच असतो. त्या उजळ अर्ध्याचा किती भाग आपल्याकडे वळलेला आहे, त्यावर कला अवलंबून असतात. चंद्राला स्वतःचा प्रकाश नाही, तो सूर्यामुळे प्रकाशतो, हे आपल्या आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास लिहून ठेवले आहे. आपली तिथी तरी दुसरे काय आहे? सूर्य आणि चंद्र यांच्यात १२ अंशांचे अंतर वाढले की एक तिथी संपते. १८० अंश झाले की पौर्णिमा. म्हणजे आपले पंचांग म्हणजे या पतिपत्नींमधील अंतराचा दररोजचा हिशेबच म्हणावयाचा!

आता आपल्या परंपरेतील कथेकडे वळू. दक्ष प्रजापतीने आपल्या सत्तावीस कन्या सोमाला, म्हणजे चंद्राला दिल्या. या सत्तावीस कन्या म्हणजे सत्तावीस नक्षत्रे. चंद्र एकट्या रोहिणीवरच आसक्त झाला आणि इतर भगिनींची उपेक्षा करू लागला. त्या रडत माहेरी आल्या. महाभारताच्या शल्यपर्वात ही कथा विस्ताराने आली आहे. दक्षाने जावयाला समज दिली, मुलींना परत पाठविले. परंतु चंद्राचे वर्तन सुधारेना. मुली पुनःपुन्हा तक्रार घेऊन आल्या. अखेरीस दक्षाने शाप दिला आणि चंद्राला क्षय जडला. चंद्र हा ओषधींचा स्वामी. तो झिजू लागताच वनस्पती सुकल्या, प्राणिमात्र कृश झाले. तेव्हा देवांनी रदबदली केली. सर्व पत्नींशी समभावाने वागावे आणि सरस्वती जेथे सागरास मिळते त्या प्रभासतीर्थी स्नान करावे, म्हणजे अर्धा मास क्षय व अर्धा मास वृद्धी होईल, असा उःशाप मिळाला. सौराष्ट्रातील सोमनाथाचे माहात्म्य या कथेशीच जोडलेले आहे. या कथेचे मूळ तर त्याहूनही प्राचीन आहे. तैत्तिरीय संहितेत ती आढळते, मात्र तेथे प्रजापतीच्या कन्या सत्तावीस नसून तेहेतीस आहेत.

या कथेतही निरीक्षण आहे. चंद्र सुमारे सव्वासत्तावीस दिवसांत नक्षत्रचक्राची एक फेरी पूर्ण करतो, म्हणजे प्रत्येक रात्री स्थूलमानाने एका पत्नीच्या घरी मुक्काम. रोहिणीचा तांबूस तारा त्याच्या मार्गाच्या इतका जवळ आहे की, कित्येक वेळा चंद्रबिंब त्याला झाकूनच टाकते. पाहणाऱ्याला वाटावे की, येथे याचा जीव अधिक गुंतला आहे.

या दोन कथा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या असता मला जे दिसते, ते आपणांस सांगावेसे वाटते. एक कथा वेदसंहितेतून आली, दुसरी अरण्यातील झोपडीतून. एकीत चंद्र पुरुष आहे, दुसरीत स्त्री. एकीत तो अपराधी आहे, दुसरीत ती पीडित आहे. परंतु दोन्ही कथांनी चंद्राच्या झिजण्याचे कारण एकाच ठिकाणी शोधले आहे, आणि ते ठिकाण म्हणजे घर. घरात अन्याय झाला म्हणून आकाशातला प्रकाश कमी झाला, असे दोन्ही कथा सांगतात. आपल्या पूर्वजांनी आणि हो लोकांच्या पूर्वजांनी एकमेकांस कधी पाहिले असो वा नसो, संसारातील दुःखाची त्यांची ओळख मात्र सारखीच होती.

कोणी म्हणेल, नवऱ्याने बायकोला चिरल्याची गोष्ट मुलांना सांगावी काय? माझे उत्तर असे की, ती अवश्य सांगावी, परंतु शेवटपर्यंत सांगावी. कथेच्या शेवटी जिंकले कोण, ते मुलांनाच विचारावे. सूर्याच्या हाती शस्त्र आहे, तेज आहे, शब्द पाळल्याचा अभिमान आहे. पण आकाशात तो एकटा आहे. चंद्राच्या अंगावर घाव आहे, परंतु तिच्या मुली तिच्याभोवती आहेत. मुलांना याचा अर्थ सांगावा लागत नाही.

आणि दक्षाची कथा सांगताना एक गोष्ट आपण मोठ्यांनी विसरू नये. मुली माहेरी आल्या तेव्हा बापाने त्यांचे ऐकले. पहिल्यांदा त्याने त्यांना परत पाठविले खरे, परंतु दार लावून घेतले नाही. आपल्या ज्ञातीतील किती घरांत आजही मुलीला ‘जुळवून घे’ एवढेच सांगून परत पाठविले जाते, आणि दुसऱ्यांदा ती आली तर शेजाऱ्यांना कळू नये म्हणून दिवा मंद केला जातो! आपल्या स्मरणिकेत दरवर्षी वधूवरांची यादी छापली जाते. विवाह जुळविणे हे मंडळाचे कार्य असेल, तर विवाहानंतर माहेरी परतलेल्या मुलीचे ऐकून घेणारे दोन-चार जाणते स्त्रीपुरुष नेमणे हेही मंडळाचेच कार्य आहे, असे माझे नम्र परंतु स्पष्ट मत आहे. चंद्राचा क्षय थांबला तो बापाने ऐकल्यामुळे, हे ध्यानात ठेवावे.

हो लोक आपल्यापासून दूर, असे आपणांस वाटेल. वस्तुतः ते तितके दूर नाहीत. आपल्याच महाराष्ट्रात, अमरावती जिल्ह्यातील मेळघाटात राहणारे कोरकू लोक हो लोकांच्याच मुंडा भाषाकुळातील भाषा बोलतात. मृतांच्या स्मरणार्थ ते लाकडी स्तंभ उभारतात आणि त्यांवर सूर्य व चंद्र कोरतात. ठाणे व पालघरकडील वारली स्त्रिया लग्नाचा चौक लिहितात, त्यात पालघट देवीसोबत सूर्य-चंद्र असतातच. आणि आपल्या कोकणात शिलाहारकालीन दानलेखांच्या शिळा पाहाव्यात, तर त्यांच्या माथ्यावर पुन्हा तेच सूर्य-चंद्र! ‘आचंद्रार्क’, म्हणजे चंद्रसूर्य असेतोपर्यंत हे दान अबाधित राहो, असा त्याचा अर्थ. जो रोज बदलतो, त्या चंद्रालाच आपण न बदलणाऱ्या गोष्टीचा साक्षी करतो, कारण तो झिजला तरी परत येतो, हा भरवसा अरण्यात, शेतात आणि राजदरबारात सर्वत्र सारखाच आहे. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेतही प्रतिपदेच्या वाढत्या कोरीचीच उपमा आहे.

मलाया द्वीपकल्पातील मिंतिरा नावाच्या लोकांतही हीच कथा टायलरने नोंदविली आहे. तेथे सूर्य आणि चंद्र दोघीही स्त्रिया आहेत आणि शेवट निराळा आहे : फसलेली सूर्यमाता चंद्राचा पाठलाग करते, अधूनमधून तिला गाठून चावा घेते, तेच ग्रहण. कथा समुद्र कसा ओलांडते, याविषयी पंडितांत मतभेद होऊ शकतात. परंतु आंबोलीत बसून आपणांस याचे आश्चर्य वाटू नये. या घाटमाथ्यावर वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याचे काही पाणी कडे उतरून आपल्या कोकणातून अरबी समुद्रास मिळते. आणि येथेच उगम पावलेली हिरण्यकेशी पूर्वेस वळून घटप्रभेला, घटप्रभा कृष्णेला, आणि कृष्णा बंगालच्या उपसागरास मिळते. पाऊस एकच, वाटा दोन. मनुष्याच्या कथांचेही बहुधा तसेच असावे.

कथेने व्यवहाराचे ज्ञान मागे सारले असे मात्र नाही. आपल्या किनाऱ्यावरील मच्छीमार अमावास्या व पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला ‘उधाण’ म्हणतात आणि अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीला ‘भांग’. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावरील पूर्ण भरतीची स्थूल वेळ निघते, हा जुना आडाखा आहे : चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. भरती रोज सुमारे पाऊण तासाने पुढे जाते, हेच त्यामागील कारण. बंदरागणिक थोडा फरक पडतो, तो तेथील जाणत्यांस ठाऊक असतो. इकडे आंबोलीत पावसाळ्याचे चार महिने ढगांमुळे चंद्राचे दर्शन दुर्मिळ. म्हणून येथील भगिनी संकष्टीला पंचांगातली चंद्रोदयाची वेळ पाहून उपास सोडतात. मालवणात जन्मलेल्या जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली ‘कालनिर्णय’ सुरू करून ही वेळ घरोघरच्या भिंतीवर आणून ठेवली, ही आपल्या जिल्ह्याला भूषणावह गोष्ट आहे. वेळ भिंतीवर आली. परंतु चंद्रोदयाची वाट पाहताना अंगणात बसून सांगितल्या जाणाऱ्या कथा मात्र भिंतीवर येत नाहीत. त्या सांगणारी गेली की जातात.

आजच्या व्याख्यानाचे मुख्य प्रयोजन हेच आहे. हो लोकांची कथा टिकली, कारण कोणीतरी ती ऐकून लिहून ठेवली. १८६८ साली मेरी फ्रिअर या इंग्रज कुमारिकेने ‘ओल्ड डेक्कन डेज’ हा कथासंग्रह प्रसिद्ध केला. त्यातील कथा तिला तिच्या आयेने, ॲना लिबेराता डिसूझा हिने सांगितल्या होत्या, आणि ॲनाने त्या आपल्या आजीकडून ऐकल्या होत्या. सूर्य, चंद्र आणि वारा मेजवानीला जातात, चंद्र तेवढी आपल्या आईसाठी नखांत घास लपवून आणते, म्हणून ती शीतल व सर्वांची लाडकी होते, ही कथा त्याच संग्रहात आहे. पुढे साने गुरुजींनी स्त्रियांच्या ओव्या गोळा केल्या, दुर्गाबाई भागवतांनी १९५६ साली ‘लोकसाहित्याची रूपरेषा’ लिहिली, डॉ. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या वतीने खंडामागून खंड काढले. या सर्वांचे ऋण मोठे आहे. परंतु आपल्या घरातील आजीपर्यंत ते सर्व पोहोचले असतील, असे मानून आपण स्वस्थ बसणे योग्य नव्हे.

आपल्या मंडळाने कुलवृत्तांत छापले. त्यांत मूळ पुरुषापासून नावे आहेत, गावे आहेत, वतने आहेत. परंतु त्या वृत्तांतांत ज्यांनी मुलांना रात्री कथा सांगून वाढविले, त्या स्त्रियांची नावे फार थोडी आहेत. असलीच तर ‘अमक्याची पत्नी’ म्हणून. म्हणून माझी एक सूचना आहे, आणि ती मी कार्यकारी मंडळापुढे रीतसर ठेवीत आहे. पुढील वर्षापासून स्मरणिकेची आठ पाने घराघरांतील कथांसाठी राखून ठेवावीत. प्रत्येक कुटुंबाने एक तरी कथा पाठवावी. ती सांगणारी ज्या बोलीत सांगते त्याच बोलीत लिहावी. मालवणी असेल तर मालवणीच ठेवावी, तिला पुस्तकी मराठीचा सदरा चढवू नये. कथेत आपणांस न रुचणारे काही असले तरी ते गाळू नये. आणि खाली सांगणारीचे पूर्ण नाव, तिचे माहेर व सासर, दोन्ही गावांसह छापावे.

आणखी एक पथ्य पाळावे. आपल्या घरी कामाला येणाऱ्या, शेजारच्या धनगरवाड्यावर अथवा ठाकर वस्तीत राहणाऱ्या कोणाकडून कथा ऐकिली असेल, तर ती त्यांच्या नावाने, त्यांच्या संमतीने द्यावी. आपली म्हणून देऊ नये. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर आदिवासी कलावंत पाहा. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ, हा वारसा त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला. सावंतवाडीच्या सावंत भोसले घराण्याचा त्यांस आश्रय होता. त्यांच्यापैकी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाने ‘आमच्या जिल्ह्याचे’ म्हटले. अभिमान योग्यच आहे. परंतु ज्यांच्या कलेला आपण आपली म्हणतो, त्यांना आपल्या ओटीवर बरोबरीने बसवतो काय, हा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या मनाशी विचारावा. ज्ञातिसंस्था ही आपल्या माणसांना जवळ आणण्यासाठी असते; इतरांपासून अंतर मोजण्यासाठी नसते.

हो लोकांच्या कथेत आईने लेकरे लपविली म्हणून तारे वाचले. आपल्या आयाआज्यांनीही दळणकांडण, बाळंतपणे आणि गरिबी यांच्या आड कितीतरी लखलखीत गोष्टी अशाच जपून ठेवल्या आहेत. त्या बाहेर आणण्याची वेळ अजून टळलेली नाही, परंतु फार उरलेलीही नाही. येथे जमलेल्या प्रत्येक तरुणाने व तरुणीने घरी परतल्यावर आपल्या आजीजवळ, आत्याजवळ अथवा मावशीजवळ एक संध्याकाळ बसावे आणि विचारावे, ‘चंद्र का झिजतो?’ मिळेल ते उत्तर लिहून काढावे. शास्त्रातले उत्तर पुस्तकात कायम आहे. हे उत्तर तसे नाही.

 आपल्या मंडळाचा उत्कर्ष शुक्ल पक्षातील चंद्राप्रमाणे होवो, अशी परमेश्वरचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेते.